वक्ता, प्रेक्षक आणि मध्ये बसलेला कॉम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं दादर-परळ भागातले. दोघं डिझाइनमधली, एक इलेक्ट्रॉनिक्सवाली, आणि चौथे काका, ज्यांचं सगळं आयुष्य नाटकांच्या विंगेत लाइट-साउंड सांभाळण्यात गेलं. व्याख्यान, शाळेतला तास, सोसायटीची वार्षिक सभा अशा ठिकाणी बोलणारा, ऐकणारे आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जरा बरं कसं जमेल, याचे प्रयोग आम्ही करतो. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांनी ज्या शब्दांत विचारले त्याच शब्दांत ठेवलेत, टोमण्यांसकट.

म्हणजे तुम्ही प्रोजेक्टर भाड्याने देता का?

नाही. तो हॉलवाला देतो. आम्ही प्रोजेक्टरच्या अलीकडचं बघतो: वक्त्याच्या हातात काय आहे, प्रेक्षकाच्या हातात काय आहे, आणि या दोन हातांमधून कॉम्प्युटरला नेमकं काय कळतं.

क्लिकर आहे, पीपीटी आहे. पुरे की! आणखी काय पाहिजे?

क्लिकर म्हणजे स्लाइड पुढे-मागे करायचा हातातला रिमोट. त्याची ती छोटी यूएसबी खुंटी लॅपटॉपला लावली की ती लॅपटॉपला सांगते, "मी कीबोर्ड आहे." तुम्ही 'पुढे' दाबलंत की ती फक्त 'पेज डाउन' पाठवते, 'मागे' दाबलंत की 'पेज अप'. म्हणजे दीड तास बोलणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरशी बोलायला शब्द किती? दोन.

गंमत अशी की आधी याहून बरं होतं. १९८७ साली मॅकिन्टॉशवर पहिलं पॉवरपॉइंट आलं, ते ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका, म्हणजे छापील पारदर्शक कागद, बनवायला. तेव्हा मास्तर पारदर्शिकांचा गठ्ठा शेजारी ठेवायचे. वर्गाचं तोंड बघून मधल्या चार बाजूला सारायचे, नववी वर काढायचे, आणि वर्गाला पत्ताही लागायचा नाही. गठ्ठा कॉम्प्युटरमध्ये गेला आणि त्याची माळ झाली. आता नवव्या मण्यावर जायचं तर मधले सगळे मणी लोकांदेखत ओढावे लागतात, आणि वक्ता पुटपुटतो, "हे आपण सोडून देऊ... हेही सोडू..."

यातलं थोडं आजही परत मिळवता येतं, फुकट. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे जाल. 'बी' दाबलं की पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघायला लागतात. स्लाइडच्या नंबरांची यादी कागदावर लिहून पोडियमवर ठेवा. आमच्या काकांच्या मते हा प्रॉम्प्टरच, फक्त विंगेत न बसता समोर बसलेला.

बरं, मग 'चांगलं' कशाला म्हणायचं? तुमची काही कसोटी आहे का?

एकच आहे. प्रेक्षकाने काहीतरी केलं, बटण दाबलं, हात वर केला, चिठ्ठी दिली. त्यामुळे वक्त्याचं पुढचं वाक्य बदललं का? बदललं नसेल तर ती करमणूक झाली. तीही असावी, पण तिच्यावर खर्च करण्याआधी विचार करा.

यावर आम्ही नेहमी दोन उदाहरणं देतो. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमॅट' दाखवला होता. सिनेमा मध्येच थांबायचा, सूत्रधार मंचावर येऊन विचारायचा, आता नायकाने काय करावं? प्रत्येक खुर्चीला लाल आणि हिरवं बटण. लोक हिरिरीने मत द्यायचे. पण गोष्ट अशी रचलेली होती की कुठलंही बटण दाबा, दोन्ही वाटा पुढच्या वळणावर पुन्हा एकत्र यायच्या. शेवट ठरलेलाच. ती करामत जाणूनबुजून केलेली होती, त्यामुळे तिला दाद द्यावीच लागते. पण आपल्याकडच्या बहुतेक 'लाइव्ह पोल'मध्ये नकळत हेच होतं. मतदान होतं, रंगीत खांब वर येतात, वक्ता "वा, इंटरेस्टिंग!" म्हणतो आणि आधीच तयार असलेली पुढची स्लाइड लावतो.

दुसरं उदाहरण घरोघरी माहीत आहे: २००० साली सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'मधला ऑडियन्स पोल. तिथे प्रेक्षकांच्या बटणांवर समोरच्या माणसाचे पैसे अवलंबून असतात. तो घाम पुसत आकडे बघतो आणि त्यावरून ठरवतो. कसोटीला उतरलं.

हे सगळं हल्लीचं खूळ ना? फोन आले म्हणून?

अहो, कीर्तनकार काय करतात? पूर्वरंग संपवून नामाचा गजर करतात, तेव्हा समोरून आवाज किती येतो यावर त्यांना कळतं की मंडळी जागी आहेत की जांभया देताहेत. उत्तररंगातलं आख्यान त्या अंदाजाने लांबतं किंवा आटोपतं. कसोटी इथे केव्हाच पास झालेली आहे, यंत्राशिवाय.

यंत्राचं म्हणाल तर ९ डिसेंबर १९६८ ही तारीख लक्षात ठेवा. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक लोकांसमोर बसून दीड तास एक प्रात्यक्षिक दिलं. माउस, दुवे असलेला मजकूर, दूरच्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलत एकाच कागदावर काम, सगळं एका बैठकीत. कॉम्प्युटर हॉलमध्ये नव्हताच, तो सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता. आमच्या दृष्टीने तो वक्ता आणि कॉम्प्युटर यांच्या जोडीचा पहिला मोठा प्रयोग. प्रेक्षक मात्र नुसते बघत होते.

प्रेक्षकांची पाळी १९९१ साली लास वेगासला भरलेल्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत आली. लॉरेन कारपेंटर यांनी खुर्च्यांवर छोट्या काठ्या ठेवल्या होत्या, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा परावर्तक लावलेल्या. कॅमेरा रंग मोजत होता आणि पडद्यावर 'पाँग' हा टेबल टेनिससारखा जुना व्हिडिओ गेम चालू होता. हॉलचा डावा अर्धा भाग एक बॅट, उजवा अर्धा दुसरी. कुणी काही शिकवलं नाही, तरी काही क्षणांत हजारो लोक मिळून चेंडू टोलवायला लागले. २००२ साली मेन्स-अमिन्झाडे, पॉश आणि साइट्झ या तीन संशोधकांनी काठ्याही काढून टाकल्या: प्रेक्षकांनी खुर्चीतच डावी-उजवीकडे झुकायचं आणि कॅमेऱ्याने ते ओळखायचं. आमचे काका हे ऐकून म्हणाले, "चर्चगेट लोकलमध्ये सगळे असेच झुकतात, तिथे लावा कॅमेरा."

हाताच्या इशाऱ्याने स्लाइड बदलायचीय. टीव्हीवर बघितलंय. जमेल?

जमेल, आणि दहाव्या मिनिटाला तुम्ही वैतागाल. शरीराच्या हालचाली ओळखणारा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. आता तर साधा वेबकॅमही हात ओळखतो. ओळखणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते 'हे मला उद्देशून नव्हतं' हे ओळखणं.

मराठी माणूस बोलताना हात हलवतो. "एकीकडे हे, दुसरीकडे ते" म्हणताना हात डावीकडून उजवीकडे गेला की स्लाइड उडाली. इंग्रजी संशोधनात या अडचणीला मिडास राजाचं नाव दिलंय, ज्याला हात लागेल त्याचं सोनं. आम्ही तिला भस्मासुर म्हणतो, कारण आमच्या अनुभवात सोनं कधी झालं नाही. आणि गोष्टीत होतं तसंच होतं: नाच करता करता हात शेवटी स्वतःच्याच डोक्यावर.

यावरचा सगळ्यात शहाणा तोडगा जुना आहे. १९९३ साली तोमा बोदेल आणि मिशेल बोदुआँ-लाफों यांनी 'शराद' नावाची पद्धत मांडली. वक्त्याच्या हातात सेन्सर असलेला मोजा, आणि नियम असा की हात पडद्याच्या दिशेने रोखलेला असेल तेव्हाच कॉम्प्युटरने ऐकायचं. शिवाय इशाऱ्याची सुरुवात स्नायू ताणूनच करायची, म्हणजे सहज हललेला हात आपोआप बाजूला पडतो. लोकांकडे तोंड करून कितीही हातवारे करा, कॉम्प्युटर गप्प. इशारे करायचेच असतील तर ही 'आत्ता ऐक' आणि 'आत्ता ऐकू नकोस' यातली सीमा आधी आखा, इशारे नंतर निवडा. आम्ही उलट्या क्रमाने केलं होतं. तीन महिने गेले.

लेझर पॉइंटर वापरू की नको?

एलईडी वॉल असेल तर विसरा, तिच्या स्वतःच्या उजेडात ठिपका हरवतो. कापडी पडद्यावर हिरवा ठिपका तेवढ्याच शक्तीच्या लालपेक्षा उजळ दिसतो, कारण डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असतो. १ मिलिवॉटच्या आतलाच घ्या आणि बाळगोपाळांच्या हातात देऊ नका. रस्त्यावर 'जास्त लांब जातो' म्हणून विकतात तो अजिबात नको.

ठिपक्यालाच माउस करायचे प्रयोगही झालेत, कॅमेरा पडदा बघतो आणि ठिपका शोधतो. त्यात हाताची थरथर नडते. वीस फुटांवरून छोटं बटण टिपणं म्हणजे चालत्या बसमधून सुईत दोरा ओवणं. पडद्याचे चार मोठे कोपरे एवढंच लक्ष्य ठेवलंत तर चालतं.

माझे दोन्ही हात पेटीवर असतात. पायाने स्लाइड बदलता येईल का?

हा प्रश्न एका संगीतशिक्षिकेने विचारला होता आणि आमचा सगळ्यात यशस्वी प्रयोग त्यातूनच निघाला. लाकडी फळी, तिच्यावर दाराच्या घंटीचं बटण, आतमध्ये यूएसबी कीबोर्ड असल्याची बतावणी करू शकणारा छोटा बोर्ड. अशा बोर्डांची आता रेलचेल आहे, २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको त्यातलाच.

पहिल्या दिवशी बाईंनी एकदा पाय ठेवला आणि यमनवरून थेट भैरवीवर गेल्या, मधले तीन राग गायब. कारण साधं आहे. बटणातल्या दोन पत्र्या एकदा टेकून थांबत नाहीत, त्या काही मिलिसेकंद थडथडतात, आणि बोर्ड इतका चपळ की प्रत्येक थडथड त्याला नवीन दाब वाटतो. पहिला दाब मिळाला की पुढचे ५० मिलिसेकंद काहीही आलं तरी दुर्लक्ष कर, असं त्याला सांगितलं. प्रश्न मिटला. फळीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, कारण ती सतरंजीवरून पुढे सरकायची.

जाता जाता: रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच मांडलं होतं की कळ दाबल्यावर साधारण ०.१ सेकंदात काही दिसलं तर माणसाला ते 'लगेच' वाटतं. वायरलेस डिस्प्लेवर चित्र याहून उशिरा पोचतं. वक्त्याला वाटतं, दाबलं गेलं नाही. तो पुन्हा दाबतो. दोन स्लाइड जातात. मग मागे येतो, तेही दोनदा. शक्य असेल तिथे एचडीएमआयची वायर ओढा, टेपने जमिनीला चिकटवा.

आमच्याकडे तीनशे माणसं येतात. फोनवरून मतदान घेऊ या?

घेऊ या, पण आधी तीन गोष्टी तपासू.

पहिली, नेटवर्क. हॉलचं वायफाय म्हणजे बहुधा मॅनेजरच्या केबिनमधला एक राउटर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि मुंबईत शेजारच्या इमारतींनी ते कधीच भरून टाकलेले असतात. तुमचा क्लिकरही बहुतेक त्याच पट्ट्यात ओरडत असतो. आम्ही एकदा हुशारी केली: इंटरनेटच नको, छोट्या कॉम्प्युटरवर आपलं स्वतःचं वायफाय उभारू. फोनांनी जोडून घेतलं, 'इथे इंटरनेट नाही' असं जाहीर केलं, आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारली. दोनशे माणसांत पंचवीस-तीस मतं आली. तेव्हापासून आम्ही सरळ लोकांच्या मोबाइल डेटावर विसंबतो आणि मतदानाचं पान इतकं हलकं ठेवतो की तळघरातल्या हॉलमध्येही उघडावं. लोगो नाही, चित्र नाही, दोन-तीन जाडजूड बटणं.

दुसरी, क्यूआर कोड. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढलेली ही जाळी यूपीआयमुळे भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोचली, त्यामुळे स्कॅन करणं कुणाला शिकवावं लागत नाही. पण टोपलीसमोर आपण हातभर अंतरावर असतो. ठोकताळा असा की कोडची बाजू अंतराच्या दहाव्या भागाएवढी हवी. शेवटची रांग १८ मीटरवर असेल तर कोड १.८ मीटरचा! पडदा संपला. त्यामुळे कोड पडद्यावर नकोच, तो खुर्चीच्या पाठीवर किंवा कार्यक्रमपत्रिकेवर छापा. पत्ताही छोटा ठेवा, मजकूर कमी तर चौकोन कमी आणि मोठे.

तिसरी, हात. जुलैमध्ये प्रेक्षकाचा एक हात ओल्या छत्रीत असतो, मांडीवर डबा-पिशवी. मत एका अंगठ्याने देता आलं पाहिजे. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं ते पटकन टिपता येतं, हा फिट्सचा नियम १९५४ चा आहे. छत्रीवाल्याला तो सगळ्यात आधी पटतो.

आणि जिथे फोन नाहीत तिथे? आमची शाळा आहे.

कागद! आम्हाला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची वेगवेगळी नक्षी. कार्डाची कुठली बाजू वर धरली त्यावर उत्तर ठरतं: अ, ब, क किंवा ड. बाई आपला एकच फोन वर्गावरून फिरवतात आणि कॅमेरा सगळी कार्डं वाचतो. बेंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या मंडळींनी २०१२ साली अशा पद्धतीवर शोधनिबंध लिहिला होता, आणि 'प्लिकर्स' नावाने हेच तंत्र आज शिक्षकांना तयार मिळतं. याच संस्थेने त्याआधी, २००६ च्या सुमारास, एका कॉम्प्युटरला अनेक माउस जोडून प्रत्येक मुलाला स्वतःचा वेगळ्या रंगाचा बाण देण्याचा प्रयोग केला होता. कारण एका कॉम्प्युटरभोवती पाच मुलं बसली की माउस कायम एकाच दांडगटाकडे राहतो. ज्यांनी वर्ग बघितलाय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कार्डांचा फायदा वेगळाच आहे. नक्षीवरून शेजाऱ्याला तुमचं उत्तर पटकन कळत नाही, त्यामुळे 'हुशार मुलाने हात वर केला की सगळ्यांचे वर' हा प्रकार थांबतो. आमची चूक मात्र लिहून ठेवतो: कार्डं टिकावीत म्हणून आम्ही ती चकचकीत लॅमिनेट केली. वर्गात ट्यूबलाइट. कॅमेऱ्याला नक्षीऐवजी पांढरे पट्टे दिसले. मॅट लॅमिनेशन करा, आणि मुलांना सांगा, बोटं कोपऱ्यावर नको, कडेला.

मतदान घेतलं. आता त्याचं करायचं काय?

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून जे करत आले ते करा. प्रश्न द्या, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. निकाल लगेच दाखवायचा नाही. मग "शेजाऱ्याला पटवा" म्हणून दोन मिनिटं वर्ग मोकळा सोडायचा, आणि पुन्हा तेच मतदान. पहिल्याच मतदानात जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असेल तर पुढे चला. जवळजवळ सगळ्यांचं चूक असेल तर तुम्ही परत शिकवा, कारण दोन आंधळ्यांची चर्चा उपयोगाची नाही. मधल्या अवस्थेतच शेजाऱ्याचा उपयोग होतो.

बघा, पडद्यावरचा आकडा इथे वक्त्याला तीन वेगळ्या वाटा देतो. त्यासाठी तिन्ही वाटांच्या स्लाइड आधी तयार हव्यात, आणि तिथे बहुतेक वक्ते आमच्याशी बोलणं बंद करतात.

मराठीत काय अडचण येते? सगळं युनिकोड आहे ना आता?

बसा. हे जरा लांबेल. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना ठरवून दिलेले नंबर, पण तेवढ्याने भागत नाही.

शब्दांचा ढग तुम्ही बघितला असेल: प्रेक्षक एकेक शब्द पाठवतात आणि जास्त वेळा आलेला मोठा दिसतो. एका कार्यक्रमात आम्ही विचारलं, 'जुलै म्हटलं की काय आठवतं?' पडद्यावर मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरात आलं: 'ऊस'. दादरमध्ये, ऊस. हॉल हसतोय, वक्ते गोंधळले, आणि आमच्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली कपाळाला हात लावून बसली. लोकांनी लिहिलं होतं 'पाऊस'. शब्द मोजणारा कोड अक्षर आणि अंक एवढ्यालाच शब्दाचा भाग मानत होता. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना युनिकोड अक्षर म्हणत नाही, 'जोडचिन्ह' म्हणतं. त्यामुळे काना आला की कोडने सुरी चालवली: 'प' एकीकडे, 'ऊस' दुसरीकडे. त्याच सुरीने 'मुंबई'चे 'म' आणि 'बई' झाले, 'लोकल'ची 'कल' झाली. एकट्या अक्षराचे शब्द गाळायचे अशी सूचना आधीच दिलेली होती, म्हणून पुरावाही नष्ट! दुरुस्ती एका ओळीची आहे, जोडचिन्हांनाही शब्दात घ्या. पण बाहेरून आणलेल्या तयार साधनात ती ओळ तुमच्या हातात नसते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी 'पाऊस' टाकून बघा. आमची ती चाचणीच ठरून गेलीय.

दुसरं, जुन्या फाइली. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत केलेल्या स्लाइडमध्ये आतला मजकूर खरं तर रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. हॉलच्या लॅपटॉपवर तो फाँट नसला की अध्यक्षांच्या नावाची रोमन अक्षरांची खिचडी होते. वक्त्याकडून पीडीएफ मागवा, फाँट आत घातलेली.

तिसरं, वाचनीयता. 'मूर्ती'सारख्या शब्दात शिरोरेघेच्या वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार, असा तीन मजली कारभार असतो. इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. अंतर सैल ठेवा. फार जाड वजनही नको, 'ष' आणि 'घ' यांची पोटं बुजतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' फुकट मिळतो आणि लांबून छान वाचता येतो. आकाराचा आमचा ठोकताळा: शेवटच्या रांगेच्या अंतराचा दोनशेवा भाग. २० मीटरला १० सेंटिमीटर उंच अक्षर. हे ऐकलं की एका स्लाइडवरच्या चौदा ओळींच्या आपोआप पाच होतात.

चौथं, टाइप करणं. आमच्या पवईच्या शेजाऱ्यांनी, आयआयटी मुंबईच्या आयडीसीने, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाने, 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड केला होता: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चाक उघडतं. कल्पना फार सुरेख. पण प्रेक्षकाला ऐन कार्यक्रमात नवीन कीबोर्ड शिकवू नका. 'paus' असं रोमनमध्ये नव्हे, देवनागरीतच लिहा असा हट्ट धरलात तर निम्मे लोक फोन खिशात घालतात. दोन्ही लिपी घ्या आणि मागच्या बाजूला जुळवा.

लोक पडद्यावर काहीबाही लिहितील त्याचं काय?

लिहितीलच. नाव नसलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी शेजारच्याला चिडवतं. यावर व्याख्यानमालांनी काढलेला उपाय अजूनही अजिंक्य आहे: चिठ्ठी. कार्यकर्ता रांगांतून चिठ्ठ्या गोळा करतो, सूत्रसंचालक वाचतो, सारख्या एकत्र करतो, आचरट खिशात घालतो. आमचं प्रश्नांचं पान नेमकं हेच करतं. फरक एवढाच की डोंबिवली फास्ट पकडायला आधीच उठलेल्या माणसाचाही प्रश्न त्यात राहतो, आणि वक्त्याला तो दहाव्या मिनिटालाच दिसतो, शेवटी नाही. सूत्रसंचालकाची खुर्ची मात्र यंत्राला देऊ नका.

निम्मे लोक ऑनलाइन असतात. त्यांना कसं सामील करायचं?

साध्या लाइव्ह प्रक्षेपणात १० ते ३० सेकंदांचा उशीर असतो. तुम्ही हॉलमध्ये "चला, वेळ संपली" म्हणता तेव्हा घरच्याने प्रश्न नुकताच ऐकलेला असतो. मतदान अर्धा मिनिट जास्त उघडं ठेवा आणि तेवढ्या वेळात किस्सा सांगा. किस्सा नसेल तर पाणी प्या.

आमचे श्रोते सत्तरीचे आहेत.

मग हात वर करायला सांगा आणि मोजा. खरंच. खांदा दुखतो त्यांच्यासाठी दोन रंगांची कार्डं ठेवा, पण लाल-हिरवी नकोत, काहींना त्यातला फरक दिसत नाही. निळं आणि पिवळं घ्या, एकावर गोल आणि दुसऱ्यावर फुली.

मुलांची नावं, उत्तरं साठवता का?

नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. पण कायद्याआधीपासून आमचं तत्त्व साधं आहे: कार्ड नंबर १७ चुकला एवढं पुरतं. १७ कोण, हे बाईंच्या वहीत.

एआय वापरता का?

शेकडो प्रश्नांतले सारखे प्रश्न शेजारी ठेवायला, हो. प्रश्न निवडायला, नाही. श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून 'कंटाळा' मोजणारा कॅमेरा लावा, असं एका आयोजकांनी सुचवलं होतं. आम्ही म्हटलं, पहिल्या रांगेत काकांना बसवा.

हे शिकायचं असेल तर कुठे जावं? सामान कुठे मिळतं?

१९६९ साली सुरू झालेलं आयडीसी पवईला आहेच, तिथे इंटरॲक्शन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१७ साली 'इंटरॅक्ट' ही या विषयातली आंतरराष्ट्रीय परिषदही तिथेच भरली होती. त्याआधी एक रविवार वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घालवा आणि प्रयोगांकडे नाही, लोकांकडे बघा. पोरं कुठलं बटण दाबून उत्तराची वाट न बघता पळतात, कुठल्यापाशी थांबून भावाला ओढून आणतात. वही घेऊन जा.

सामान लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, टॅक्सीवाल्याला तसं सांगितलंत तर तो विचारात पडेल. बोर्ड, वायरी, बटणं, क्लिकर सगळं मिळतं. क्लिकर घेताना दुकानातच लॅपटॉपला लावून बघा.

कार्यक्रम परवा आहे. आत्ता काय करता येईल?

नवीन काहीही नाही. हॉलवर आज संध्याकाळी जा, शेवटच्या रांगेत बसून आपलीच स्लाइड वाचा. एचडीएमआयची दहा मीटरची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि चिकटपट्टी पिशवीत टाका. क्लिकरचे सेल बदला. पोस्टकार्डाएवढ्या दीडशे चिठ्ठ्या कापा, पन्नास पेन्सिली आणा, पेनं परत येत नाहीत. आणि एकच प्रश्न असा तयार करा ज्याचं उत्तर 'हो' आलं तर तुम्ही एक गोष्ट सांगाल आणि 'नाही' आलं तर दुसरी. तो पंधराव्या मिनिटाला विचारा, हात मोजा. दोन्ही गोष्टींच्या स्लाइडचे नंबर तळहातावर लिहिलेत तरी चालेल.